हातचा चाळीसला

दादा, तुम्ही जाऊन आता एवढी वर्षं झाली की तुमचा आवाज मला ठरवून आठवावा लागतो. एक वाक्य मात्र न बोलावता येतं. "बाई, हातचा चाळीसला घ्यायचा असतो गं." त्या दिवशी ते मी ऐकूनच घेतलं नाही.

स्वयंपाकघरात तुम्ही आणि काका जेवायला बसला होतात. आई गरम भाकरी वाढत होती. मी नुकतीच शाळेत गणित शिकवायला लागले होते, आणि शिक्षकांच्या शिबिरात हेक्टर-आरचा नवा, शंभराचा हिशेब शिकून आले होते. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते मी, दुसरं काय! दौलताबादच्या शेताचा वाटणीचा कागद सहज हातात घेतला. पोलिस ॲक्शननंतर कचेरीत तुम्ही उर्दू दप्तर मराठीत उतरवायचात, त्याच वळणदार अक्षरातली ती नक्कल. काकांचे दोन तुकडे, २.३० आणि १.३०. खाली बेरीज ४.२०. तुमचा एकच तुकडा, तोही ४.२०. एकर की हेक्टर, कागदावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी बेरीज केली तर तीन पूर्णांक साठ. म्हटलं, "काका, तुमचे साठ आर कमी आहेत. दादांनी बेरीज फुगवून लिहिलीय." तेव्हा तुम्ही ते हातच्याचं वाक्य बोललात. मी म्हणाले, "दादा, गणित मी शिकवते." काकांचा हात ताटातच थांबला. त्यांचा सगळा जन्म नांदेडला नोकरीत गेलेला, शेत बटाईनं दिलेलं. गुंठ्याशी त्यांचा कधी संबंध आला नाही. ते एवढंच म्हणाले, "शिकलेली पोर खोटं कशाला बोलंल?" आणि हात धुऊन उठले. तुम्ही मोजणी मागवली असतीत तर एका दिवसात निकाल लागला असता. पण पोटच्या पोरीनं चोर म्हटल्यावर मोजायला उरलं काय होतं? काका परत आपल्याकडे जेवायला आले नाहीत. तुम्हाला खांदा द्यायलाही आले नाहीत. मला वाटायचं, तुम्ही लाजेनं गप्प आहात.

नऊ वर्षांपूर्वी आईची पेटी उपसताना मूळ उर्दू कागद सापडला. छावणी भागात जुने उर्दू दस्त वाचून देणारे एक म्हातारे मुन्शीजी राहतात, त्यांच्याकडे नेला. त्यांनी चष्मा पुसला, ओळीवर बोट फिरवलं. "दो एकर तीस गुंठे. एक एकर तीस गुंठे. साठ गुंठे हुए ना बेटी, उसमें चालीस का एक एकर. चार एकर बीस. हिसाब एकदम सही है. लिखनेवाला पक्का आदमी था." मी विचारलं, "दशांश नाही?" ते हसले. "दशांश काइकू? ये तो खाली एकर-गुंठे के बीच का टिंब है." तिथंच, त्या परक्या माणसासमोर, मी ढसाढसा रडले. तुम्ही कुणाचा गुंठाभरही खाल्ला नव्हता, दादा. तुम्ही दोघा भावांत तंतोतंत वाटून दिलं होतं, आणि मी एका टिंबावरून तुमचं घर मोडलं.

काका हल्ली बिडकीनला मुलाकडे असतात. नव्वदी ओलांडली, पण डोकं शाबूत आहे. या नऊ वर्षांत तो कागद पर्समध्ये घालून कितीदा तरी गेले. चहा घेतला, तब्येतीचं विचारलं, तशीच परत आले. मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले की चूक झाली तर हात वर करून कबूल करावी; माझा हात मात्र पर्सच्या चेनीपर्यंतच जातो. हे पत्र तर कुठं टाकायचं हाही प्रश्न नाही, म्हणून ते लिहिणं सोपं आहे.

पण एक सांगायलाच हवं. परवा गेले होते तेव्हा काकांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "लई वर्सं मनात ठिवलं बाई. आता नाय. त्यानं केलं ते केलं, म्या माफ केलं माझ्या भावाला."

आणि दादा, मी 'हो' म्हणून मान हलवली.