लाल काचेतला दिवा

ग्लेनडोरी, स्कॉटलंड
ता. १२ सप्टेंबर २००६

चि. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडू लागलीस आणि मी फोन ठेवून दिला. विषय तसा सोडता येत नाही, म्हणून लिहिते.

या गरोदरपणात तुला डॉक्टरांनी बेडरेस्ट सांगितली आहे, दोन वर्षांची सान्वी घरात धुमाकूळ घालते आणि पुष्करना हॉस्पिटलात रात्रपाळी, हे मला कळतं. पण मी साउथहॅम्प्टनला आले तर इथल्या चर्चमधल्या दिव्याचं काय? तुझे बाबा गेले त्या वर्षी किल्ली माझ्याकडे आली, कारण चर्चच्या शेजारचं घर आपलं. वेदीजवळच्या भिंतीत चर्चच्या लोकांच्या पवित्र भाकरीचं, म्हणजे प्रसादाचं, छोटं कपाट आहे. आत भाकर आहे तोवर समोरचा दिवा जळता हवा. मी हिंदू असले तरी अखंड दिवा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. नवरात्रात तुझी आजी घराबाहेर राहत नसे. माझं नवरात्र बाबा गेल्यापासून संपलेलंच नाही.

रविवारी प्रार्थनेला सातजण येतात, सगळे काठी टेकत. फटींतून वारा शिरतो, वात रोज पाहावी लागते. कुणावर सोपवू?

लोभ आहेच, तो लिहून वाढत नाही.
आई

साउथहॅम्प्टन
ता. १८ सप्टेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू ऐकत नाहीस, म्हणून पडल्यापडल्या लिहितेय. अक्षर वाकडं आहे, मार्क कापू नकोस.

सान्वीच्या वेळी तू आली नाहीस, तेव्हा मी मनाची समजूत घातली. आता मला त्या दिव्याचाच राग येतो. दिवसभर मी सीलिंगकडे बघते. सान्वी माझ्या उशीवर बसून बिस्किटं खाते. शेजारची बाई तिला पार्कमध्ये नेते आणि मला विचारते, तुझी आई कुठे असते. काय सांगू? पुष्कर म्हणतो, सासूबाईंना देवाने नोकरीवर ठेवलंय, पण ॲन्युअल लीव्ह दिलेली नाही.

एकच कर. तुमच्या पाद्रीणबाई मोरॅग यांना विचार, की दिवा खरंच इतका सांभाळावा लागतो का. तू विचारलं नसणार. तू कुणालाच काही विचारत नाहीस.

हवं तेवढं रागव, पण इथे येऊन रागव.
तुझी मीनल

ग्लेनडोरी
ता. २४ सप्टेंबर, रविवार

चि. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

विचारलं. हे फोनवर मला बोलता येणार नाही.

प्रार्थना झाल्यावर मोरॅगबाईंना कपाटासमोरच गाठलं. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी कपाट उघडून दाखवलं. आत काही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी छत गळलं तेव्हा भाकर शहरातल्या चर्चमध्ये हलवली, ती परत आणलीच नाही. दिवा तेव्हाच मालवायचा. पण मी इतक्या निष्ठेने करत होते, की सांगायला जीभ रेटली नाही, असं त्या म्हणाल्या. सातही जणांना ठाऊक होतं. असल्या सभ्यपणापेक्षा एक सणसणीत शिवी परवडली असती, असं मी त्यांना स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

सान्वी जन्मली तेव्हाही ते कपाट रिकामंच होतं, मीनल. हे वाक्य मी खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

दिवा फुंकला नाही. ते माझ्याने होणार नाही. फक्त तेल घातलं नाही आणि बाकावर बसून राहिले. संध्याकाळी तो आपणहून शांत झाला. चर्चमध्ये किती थंडी असते, ते आज कळलं.

बुधवारी पोचते. स्टेशनवर पुष्करबरोबर सान्वीलाही पाठव. मला ओळखणार नाही, म्हणून फोटो दाखवून ठेव. उरलेला लोभ समोर बसून.
आई

ता. क. मोरॅगबाईंनी पोच मागितली नाही, मीच लिहून ठेवते. आज त्यांच्या हाती दिलं: चर्चची मोठी किल्ली. तेलाचा डबा, अर्धा. वळलेल्या वाती, डबीभर. दिव्याची लाल काच, काजळी पुसून. काडेपेटी माझ्या पर्समध्येच राहिली; ती परत करायला जाणार नाही.