चांगुणाअक्काची मूठमाती

मेहकर, ता. भालकी
१० ऑगस्ट १९८४

चि. बळीरामास भागाअक्काचा जयभीम व आशीर्वाद.

इकडं सगळे बरे. तुझे सर पोरांना गुलबर्ग्यातली जुनी चर्चं अन् मिशनची शाळा पायी हिंडून दाखवणार, हे आईला वाचून दाखवलं. त्यात ख्रिस्ती लोकांची दफनभूमी हाय का, एवढंच तिनं विचारलं अन् तोंडाला पदर लावला.

तुला ठाऊक न्हाई. आईची थोरली बहीण चांगुणा तापानं फणफणली म्हणून मिशनच्या दवाखान्यात ठेवलेली. तिथंच राहून ती ख्रिस्ती झाली. आजा तिला आणायला गुलबर्ग्याला गेला अन् एकटाच परतला. मूठमाती देऊन आलो, एवढंच बोलला. आई तवा परकरात होती. आता थडग्याजवळची चिमूटभर माती आण, म्हणायलीय. शिकायच्या नावाखाली हिंडायलास ते हिंड, पण हे विसरलास तर घरात घेणार न्हाई!

लोभ हायच, तो आटू देऊ नको.
तुझी भागाअक्का

गुलबर्गा
२० ऑगस्ट १९८४

ती. अक्कास बळीरामाचा जयभीम. आईला जवळ बसवून मगच पुढचं वाच.

काल शिवशरण सर चर्चचा मनोरा, घंटा, जुनी शाळा सगळं समजावून सांगायले, पण माझं ध्यान दफनभूमीकडं. ती दाखवायला एक म्हाताऱ्या नर्सबाई आल्या होत्या. कानडीत बोलायल्या. मी मराठीतच विचारलं, मेहकरची चांगुणा कुठं पुरलीय. बाई एकदम आपल्या बोलीत म्हणाल्या, की तिला पुरायचं राहिलंय अजून.

अक्का, त्या बाईच आपली मावशी, जिती हाय! आज्यानं दवाखान्याच्या फाटकात मूठभर माती उचलून तिच्या अंगावर टाकली, अन् आजपासून तू आम्हाला मेलीस म्हणून निघून गेला. आपल्या आईचं नाव घेऊन, कोंडालाही तू नको झालीस, असं वर सांगितलं. पुढं आपण सगळ्यांनीच धर्म बदलला, तवा तरी म्हाताऱ्यानं तोंड उघडायचं! माझं डोकंच फिरलंय.

आईनं बोलावलं तरच येईन, म्हणते मावशी. काय सांगू?

सर्वांची माया असावी.
तुझा बळीराम

मेहकर
२८ ऑगस्ट १९८४

चांगुणाअक्का, तुझ्या कोंडाचा जयभीम. तुमच्यात काय म्हणतात ते मला येत न्हाई, समजून घे. बोलायलेय मी, लिहायलीय भागा.

तू नको, असं मी कधीच म्हटलं न्हाई. तू मेलीस, हेच मला ठाऊक. बळीरामाचं पत्र ऐकून बाच्या नावानं बोटं मोडली अन् मग लई रडले.

दर साली पितरपाटात मी तुझ्या नावाचं ताट वाढते. आम्ही बौद्ध झालो तवा पोरांच्या अप्पांनी हे सगळं बंद केलं. सासूचं सुटलं, बा नंतर गेला, त्याचं तर मी केलंच न्हाई. तुझं सुटेना. तुला आवडायचे म्हणून उडदाचे वडे करून मागल्या दारी चोरून ठेवायचे. कावळा शिवायचाच न्हाई. मला वाटायचं, अक्का माझ्यावर रुसलीय.

बळीराम तुला घेऊन येईल. माया राहू दे, अन् आता कामून भितेस? पितरपाट जवळ आलाय. ताट मी वाढणारच हाय. तू ये अन् बसून जेव.

तुझी
कोंडा