आढळला नाही

१४ नोव्हेंबर
ह्यांचा रिपोर्ट आणला. नऊ वर्षं सरकारी दवाखान्यातल्या एआरटी सेंटरला जातोय, तरी कागद हातात पडेपर्यंत मी खिडकीपासून हलले नाही. 'विषाणू आढळला नाही.' हुश्श! ह्यांनी कुडाळ स्टँडवर तो कागद चारदा वाचला, मग दोन प्लेट भजी घेतली.
एचआयव्ही कुठून लागला हे विचारणं मी कधीच सोडलं. माझी तपासणी दर वेळी निगेटिव्ह. आयेला, म्हणजे सासूबाईंना, ह्यांची रोजची गोळी बीपीची म्हणूनच माहीत.

२ डिसेंबर
जत्रा. ह्यांनी नवस फेडला. पाच नारळ, केळींचा घड. कसला नवस ते सांगेनात. "तो माझो नि देवाचो." बरं बाबा. माझी अंगणवाडीची रजिस्टरं तशीच राहिली, उद्या सुपरवायझर बाई ओरडणार.

२१ जानेवारी
ह्यांच्या होडीच्या पेटीत सुतळी शोधत होते. तळाशी गोळ्यांच्या डब्या. दोन सीलबंद, तिसरी अर्धी. नेऊन ह्यांच्यापुढे ठेवल्या.
"ह्या काय?"
"रोग गेलो गो. रिपोर्टात गावाक नाय. देवान आयकल्यान. आता गोळी खाल्लंय तर देवार इश्वास नाय असो अर्थ जातलो."
म्हणजे नवस हाच होता, रोग जाऊ दे म्हणून. जत्रेपासून गोळी बंद. सात आठवडे!
मी म्हटलं, "जाळ्यात बांगडो गावाक नाय, म्हणान दर्यात नाय काय?"
"तू देवाची नि बांगड्याची बरोबरी करतंस?"
कपाळ माझं! आधी मी रोज विचारायचे, गोळी घेतलीत? नऊ वर्षं झाली म्हणून हल्ली विचारणं सोडलं होतं. ती चूक माझीच.
आणि मी? ह्या सात आठवड्यांत आम्ही नवराबायकोसारखेच राहिलो. गोळी चालू असेल नि रिपोर्ट असा असेल तर मला धोका नाही, असं सेंटरच्या मॅडमनी सांगितलेलं. चालू असेल तर.

२३ जाने.
 रागाने भाकऱ्याही जाड झाल्या.
मॅ.ना फोन केला. "ताई, गोळीने दाबून ठेवलाय म्हणून आढळत नाही. सोडली की परत डोकं वर काढणार. लवकर घेऊन या." कसं आणू? देवाला मध्ये घालून बसलेल्या माणसाशी भांडायचं कसं? मीही देव मानते. म्हणूनच तर पंचाईत.

२५ जाने.
केलं एकदाचं.
सकाळी देवापुढे नारळ ठेवला. गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, आमच्यात पुरुषच घालतात. आये बघतच राहिली. म्हटलं, आज मी घालतंय.
"बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरान तुका नारळ दिल्यान, तो तू घेतलंस. आता त्येका रोज एक गोळी खावची बुद्धी दी. ती तुझोच परसाद म्हणान आंगाक लागांदे रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!" आये खणखणीत. तिला कसली गोळी नि काय!
हे गप्प. गाऱ्हाण्याला होकार न देता उभं राहायची रीत नाही. आयेने कोपर मारलं. "मेल्या, व्हय म्हण!"
"...व्हय म्हाराजा."
मागीलदारी जाऊन हसले, मग रडले. ह्यांना फसवलं का मी? देवालाही? असेल. बघून घेईन.

२७ जाने.
सेंटर. मॅ. ओरडल्या नाहीत, मीच ओरडले. गोळी आजपासून परत. तीन महिन्यांनी विषाणूची तपासणी. माझंही रक्त घेतलं. निगेटिव्ह. "पण ताई, तुमचंही तीन महिन्यांनी परत बघायला लागेल."
एसटीत हे म्हणाले, "तुझा रगत कित्याक घेतल्यानी?"
सांगितलं.
तिकिटाची घडी घालत, उलगडत बसले. उतरताना म्हणाले, "माझ्या डोक्यात ह्या इलाच नाय गो."
खरंच आलं नसणार. त्याचाच राग येतो नि कीवही त्याचीच येते.

१९ मार्च
बरे दिसतात. मी रोज विचारते, ते रोज वैतागतात. वैतागू देत. आम्ही लांब झोपतो ते आयेच्या लक्षात आलंय. 

२८ एप्रिल
दोघांचं रक्त दिलं. माझा निकाल आजच मिळत होता. नको म्हटलं, ह्यांच्याबरोबरच सांगा. एकटीने ऐकायची हिंमत झाली नाही.

६ मे
मॅ.चा फोन. "रिपोर्ट आलेत. सोमवारी दोघंही या." फोनवर सांगत नाहीत, नियमच आहे. तरी आवाजात काही मिळतंय का म्हणून कान लावला. काही नाही.
ह्यांना सांगितलं नाही, आधी जेवू देत म्हटलं. जेवले. मी डबी काढायच्या आत स्वतःच गोळी घेतली, पाणी प्याले. मग म्हणाले, "सेंटरचो फोन मा?"
"होय."
"तुझा काय वायट इला तर..."  ताटाकडे बघत बसले.
मी म्हटलं, "तर मी पण तुमच्यावांगडा रोज एक गोळी खातलंय. पण तुमी एक दिवस जरी चुकवलात तर बघा!"
हसतील वाटलं होतं. हसले नाहीत. उठून माझं उष्टं ताट उचललं नि घासायला घेऊन गेले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.
सोमवारी साडेसहाची एसटी.