सरकीच्या तेलावरचा आळ

उमरखेड, फेब्रुवारी २००६

ती. दादासाहेबांच्या चरणी नरहरचा साष्टांग नमस्कार.

आपला दमा या थंडीत आटोक्यात आहे ना? वहिनींच्या गुडघ्यांना जवसाच्या तेलाचा गुण आला का? माझी प्रकृती पूर्वीपेक्षा बरी आहे. शीला पुसदला आल्यापासून 'मी आता उमरखेडला जाणार नाही' याखेरीज काही बोलत नाही, कारणही सांगत नाही, असं आपण फोनवर म्हणालात. ते कारण मी सविस्तर कळवतो. आपण तिचे थोरले बंधू, तिला परत पाठवायचं की नाही हे आपल्याच शब्दावर आहे. (दोष माझा नाही, हे आधीच नमूद करून ठेवतो.)

दिवाळीनंतर माझ्या अंगाला खाज सुटली. आधी हात, मग मान, मग पाठीचा तो भाग, जिथे आपलाच हात पोचत नाही. त्याच सुमारास गावात बोलवा उठली होती की नव्या बियाण्याच्या सरकीचं तेल अंगावर उठतं. तहसिलीत जन्मभर फायली तपासलेल्या माणसाला एवढा पुरावा पुष्कळ झाला. मी सरकीचं तेल बंद करून शेंगदाण्याचं आणलं. खाज थांबेना. मग वांगी बंद केली, कारण ती उष्ण. तुरीची डाळ बंद केली, कारण वर्तमानपत्रात तिच्यानं डोकं जड होतं असं आलं होतं आणि वाचता वाचताच माझं डोकं जड झालं. अंबाडी गेली, तिखट गेलं. शेवटी भाकरी आणि उकडलेला दुधी एवढंच उरलं. शीला बिचारी माझं वेगळं आणि तिचं वेगळं शिजवत होती. मी दुधीवरही संशय घेतला, तेव्हा तिनं शांतपणे विचारलं, पाणी कधीपासून बंद करायचं.

आमच्या बैठकीत यंदाचा कापूस भरलाय, हे आपण पाहिलंच आहे. उकंडा आमचं शेत बटईनं करतो, त्यातला हा आमचा हिस्सा. भाव वाढेल म्हणून ठेवलाय. गावात घरोघर हेच आहे, पाहुणा आला की कापसावरच बसतो. मी दुपारची झोपही त्याच्यावरच काढतो. (काय सांगू दादासाहेब, गादी झक मारते.) हा ढीग काढा, असं शीला पहिल्यापासून म्हणत होती. बाजारभाव बायकांना कळत नाही, असं मी म्हणालो.

पुढे आमचे शेजारी मोहिउद्दीन (मोटारपंप दुरुस्त करतात, माणूस सोन्यासारखा) यांच्या मुलीची, उमेराची, मंगनी ढाणकीला निघाली. मला आग्रहानं नेलं, दोन दिवस ठेवून घेतलं. त्यांच्या पत्नी जेबाभाभींनी माझ्यासाठी कोरी भांडी काढून पुऱ्या, वांग्याची भाजी, तुरीचं वरण केलं. भिडेखातर नाही म्हणता येईना. सगळं हादडलं, आणि नवल म्हणजे खाज नाही, डोकं जड नाही. परतलो तर घरी शीलाचं संक्रांतीचं हळदीकुंकू भरलेलं. मला राहवेना. मी सगळ्या बायकांसमोर माझा निष्कर्ष जाहीर केला, की दोष तेलात नाही, वांग्यात नाही, तो करणाऱ्या हातात आहे.

शीलानं राहिलेल्या बायकांना कुंकू लावलं, वाण दिलं, दारापर्यंत पोचवलं. सकाळी तिची पिशवी भरलेली होती. "मग आता बिनदोषाच्या हाताचं जेवा," एवढंच म्हणाली आणि पुसदच्या गाडीत बसली.

त्यानंतर मी माझ्या हातची खिचडी खाऊ लागलो. खाज दुप्पट झाली. माझाही हात दोषी की काय, अशा विचारात होतो, तेवढ्यात मोहिउद्दीन माझी समजूत घालायला आले. मोहरमचा रोजा होता त्यांना. कापसावर बसून अख्खी दुपार मला बोलले, शेवटी तिथेच आडवे झाले. दुसऱ्या दिवशी दंड खाजवत दारात उभे.

"नरहरभाऊ, मी तं रोज्यात होतो. तुमच्या घरचा पान्याचा घोट नाई घेतला. मंग मले काहून खाजून राह्यलं?"

मी तेलाचं नाव काढलं, तर म्हणाले, ढाणकीच्या पुऱ्या सरकीच्याच तेलातल्या होत्या. तेल, वांगी, डाळ, दुधी, सगळे निर्दोष सुटले. मुद्देमाल बैठकीत होता आणि मी त्याच्यावर झोपत होतो. तरी कापूस इतक्यात काढता येणार नाही. भाव नक्की चढणार आहे, आणि व्यवहार तो व्यवहार. शीलाला हे आपल्या भाषेत समजावून सांगावं. वहिनींना नमस्कार.

आपला आज्ञांकित,
नरहर

ता. क. : पत्र टपालात टाकायचं राहून गेलं. दरम्यान कापूस विकला. भाव विचारू नये. बैठक झाडून, पुसून घेतली. खाज गेली. पण रिकामं घर खायला उठतं, आणि तिच्यावाचून मला करमत नाही, हे लिहायचं राहून गेलं होतं.

ता. क. दुसरा : हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईच्या घरी जाऊन माझा निष्कर्ष चुकला होता, शीलाच्या हातात काही दोष नाही, असं सांगून आलो. एकीनं, बसा, म्हणून पोहे दिले आणि तेल चालतं का ते विचारलं. दुसरीनं विचारलं, हे शीलावहिनींना सांगितलं का. म्हणून हे पत्र.

ता. क. तिसरा : पत्र तिला वाचून दाखवू नये. (ती स्वयंपाकघरात असताना ओसरीत मोठ्यानं वाचलं, तर माझी हरकत नाही.) मी हल्ली रोज दुपारी स्टँडवर असतो, पुसदची गाडी येते त्या वेळी. तिनं विचारलं तर वर्तमानपत्र घ्यायला जातो म्हणून सांगावं. आमच्याकडे वर्तमानपत्र सकाळीच घरी येतं, हे तिला ठाऊक आहे.