एकच्या गाडीची गोळी

टोकावडे,
३ सप्टेंबर २०२५

चि. समीक्षा हिला आजीचे ओंजळभर आशीर्वाद.

वि. वि. आमी दोघं बरे. तू पुण्यात जेवतेस का नाय, ते काय लिहीत नायस.

तुझी वही आली. कंपवाताच्या माणसाचा घरातला दिवस कसा जातो ते तुमच्या सरांना पायजे, आणि फोनवर मी भरकटते म्हणून लिहून पाठव म्हणतेस. कागदावर मी भरकटत नाय असं तुला कोणी सांगितलं? वहीत दोन रकाने, चालू आणि बंद. मला वाटलं टीव्हीचं विचारतेस. दोन दिवस टीव्हीच लिहिला. मग आजोबांनी वाचून सांगितलं, की विचारलंय ते त्यांचं, हातपाय कधी चालू आणि कधी बंद. इतके हसले गो. नायतर हल्ली चेहरा पाटासारखा, हसतात का रुसलेत ते कळत नाय.

वास कधीपासून येत नाय, असं विचारलंयस. तू सातवीत होतीस, त्या वर्षी चुलीवर माझं सुकट जळून कोळसा झालं आणि हे बाजूलाच बसून होते. मी दोन दिवस बोलले नाय. आता तू लिहितेस, की हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी वास जाऊ शकतो. म्हणजे माझं भांडण फुकट. ते मी परत घेतलं असं त्यांना सांगितलं, तर म्हणाले बाकीची पण घे.

आता खरी गंमत ऐक. उंबऱ्याशी आले की ह्यांचे पाय चिकटतात, जसे भाताच्या आवणीच्या चिखलात रुतले. रविवारी गौरी आल्या. मी पिठाची पावलं काढली, अंगणातून उंबऱ्यावरून थेट चुलीपर्यंत. गौरीवर पाय पडू नये म्हणून हे एकेक पाऊल ओलांडत आले ते आतच. पाणी मागितलं तेव्हा मला कळलं की माणूस आत आलाय. काल गौरी गेल्या, पावलं पुसली, आणि परत हे उंबऱ्याशी उभे. असं कसं गो? सरांना विचार.

तुझा बाप मात्र हटून बसलाय. दसऱ्याला येईन, तेव्हा बाबा असेच असले तर घराला कुलूप घालून दोघांना शहापूरला नेणार म्हणतो, दुसऱ्या माळ्यावर. भरत मायेनंच म्हणतो. पण तिथं ह्यांना बांधावर जाता येणार नाय आणि माझ्या कोंबड्या कोण घेणार? दुपारी हे अगदी लाकूड होतात, म्हणून डॉक्टर गोळी वाढवायचं बोलतात.

गोळ्या मी टायमावर देते हां, रस्त्यावर एस्टीचा भोंगा वाजला की. आठच्या गाडीला एक, एकच्या गाडीला एक, सहाच्या गाडीला एक. दुपारची तर नळाच्या ताज्या पाण्याबरोबर. नळ हल्ली तीनला सोडतात म्हणे, ते एक नवीनच.

खालची ओळ तू मागितलीस म्हणून आजोबांची. माया आहे तशी दाट राहू दे.

तुझी आजी बाईजा

मी बरा आहे. ही फार लिहिते.


पुणे,
९ सप्टेंबर २०२५

ति. आजीस समीक्षाचा वाकून नमस्कार. ति. आजोबांनाही.

मी जेवते. आजोबांचं ‘मी’ मुगाएवढं आहे आणि ‘लिहिते’ राईएवढं. या आजारात अक्षर असंच आटत जातं. दुरेघी वही पाठवते, त्यांनी दोन्ही रेघांना टेकवून लिहायचं.

तुझी गौरी सरांनी दोनदा वाचली. पाय अडतो तेव्हा समोर ओलांडायला काही दिसलं, की कित्येकांचं पाऊल सुटतं. सगळ्यांचं सुटत नाही, पण आजोबांचं सुटतंय. पावलं परत येऊ देत, आणि आता पुसू नकोस. मात्र पीठ नको, पाय घसरेल. गेरूनं काढ.

आता एक शंका. नळ तीनला येतो, मग एकची गोळी ताज्या पाण्याबरोबर कशी? एकची गाडी हल्ली किती वाजता येते गं? चार दिवस भिंतीवरच्या घड्याळात बघून लिही. गोळी आपल्या मनानं कमीजास्त करू नकोस. वही डॉक्टरांना दाखवू, आणि तोवर काही ठरवू नका असं पप्पांना मी कळवते.

रागावू नकोस, आणि लिहीत राहा.

तुझी समीक्षा


टोकावडे,
४ ऑक्टोबर २०२५

चि. समीक्षा हिला आजीचे दोन्ही हातांनी आशीर्वाद.

घड्याळ बंदच होतं गो. सेल आणून घातले. एकची गाडी पयल्या दिवशी आली तीनला दहा कमी असताना. दुसऱ्या दिवशी दोनला. तिसऱ्या दिवशी आलीच नाय. घाटाकडं रस्ता खोदलाय, तेव्हापासून असंच चाललंय. चाळीस वर्षं त्या गाडीवर मी भात शिजवला, तुझ्या बापाला शाळेत धाडला. माणूस लाकूड होऊन बसलेला, आणि मी रस्त्याकडं कान लावून. मनाला लय लागलं. आजोबांनी समजूत घातली, की तेपण त्याच गाडीची वाट बघत होते.

आता घड्याळ बघून देते. डॉक्टरांनी वही चाळली, गोळी आहे तेवढीच ठेवली, दिवाळीनंतर बोलावलंय. कंप आहेच. सांजेला पायही जड. पण दुपारचं लाकूड गेलं.

दसऱ्याला तुझा बाप दोन मोठ्या पिशव्या घेऊन आला, आमचे कपडे न्यायला. अंगणातच थांबला होता. हे खुर्चीवरून उठले, गेरूची पावलं एकेक ओलांडली, उंबरा ओलांडला आणि त्याच्या हातावर सोनं ठेवलं. तो बघतच राह्यला. जेवून निघाला तेव्हा पिशव्यांत काकड्या आणि भोपळा भरून दिला. जाताना तोपण पावलं चुकवत गेला, एवढा मोठा हापिसातला माणूस.

माझ्या मोबाईलमध्ये त्यानं गजर लावलाय, गाडीच्या भोंग्याचा. आठ, एक, सहा. पयल्या दिवशी मी पिशवी घेऊन उठलेच.

सरांना म्हणावं, आणखी काय विचारायचं असेल तर विचारा, बाईजा रिकामीच आहे. खालची ओळ बघ, एकपण अक्षर आटलं नाय. तुमची आठवण अशीच येत राहू दे.

तुझी आजी

गाडी वेळेवर येते. आम्ही चढत नाय.