दादाची नोंद

प्रिय दादा,

हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवतील हे ठाऊक असूनही लिहितोय. फोनवर बोललो असतो, तर पहिल्याच वाक्याला तू "जाऊ दे रे, जेवलास का?" म्हणाला असतास आणि मीही तेवढ्यावर सुटलो असतो.

परवा तू हसत हसत सांगितलंस, की मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलास तर खिडकीवरची बाई म्हणाली, आजोबा, कॉम्प्युटरप्रमाणे तुम्ही वारलात. तू म्हणे तिला विचारलंस, मेलेल्यालाही रांगेत उभं राहावं लागतं का? हातची तारीख गेली, नाव यादीच्या तळाशी गेलं, आणि तुला त्यातही गंमत सापडली. पण घड्याळातला बारीक स्क्रू तू आता बोटांनी चाचपून शोधतोस, आलेली गिऱ्हाइकं परत पाठवतोस, हे वहिनींनी मला वेगळं सांगितलं.

मी आयुष्यभर एकाच प्रश्नाला चिकटून राहिलो. प्रोग्राम चालवण्याआधीच तो चुकणार नाही, हे गणिताने सिद्ध करता येईल का? माझे शोधनिबंध जगात सात माणसं वाचत असतील. आठवा तू. एक अक्षर कळत नसताना ते दुकानाच्या काचेखाली लावलेस आणि येईल त्याला सांगितलंस, माझा धाकटा चुका होऊच नयेत याचा शोध लावतोय. मी तोंडदेखलं "काढ रे ते" म्हणायचो, पण मनातून सुखावायचो.

आमच्या धंद्यात प्रोग्राम तपासायला खोटी माणसं बनवावी लागतात. मला त्याचा भारी कंटाळा. पहिल्या नोकरीपासून मी तुलाच वापरत आलो, कारण तुझी जन्मतारीख, रक्तगट, सगळं तोंडपाठ. तुला मॅनेजर केलं, तुझं दुकान दोनदा जाळलं, तुझी चार लग्नं लावली (वहिनी, माफ करा). हे सगळं सरावाच्या प्रतीत चालतं, खऱ्या नोंदींना हात लागत नाही. निवृत्तीनंतर याच रुग्णालयाने जुन्या नोंदी नव्या यंत्रणेत हलवायला मला बोलावलं, तेव्हा मृत्यूची नोंद नीट होते का हे पाहायलाही सवयीने तुलाच घेतलं. पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या, दिसायला अगदी सारख्या. एक सरावाची, एक खरी. कुठल्या खिडकीत आहोत, एवढं बघायचं मी विसरलो.

तुझा फोन ठेवल्यावर मी तुला जिवंत केलं. मिनिटही लागलं नाही आणि कुणाला पत्ताही लागला नसता. पण गेलेली तारीख परत हवी असेल, तर चूक कुणाची ते लेखी द्यावं लागतं. एक दिवस मी नुसता बसून राहिलो, दादा. तुझ्या डोळ्यापेक्षा मला माझं नाव जड वाटलं, याची फार लाज वाटते. आज सकाळी सही करून दिलं. मला घरी बसवलंय, तुला मंगळवार मिळालाय. न्यायला मीच येतो.

काचेखालचे निबंध काढून टाक. आणि पट्टी निघाली की हे पत्र एकदा स्वतः वाच. मायेपोटी वहिनी यातलं काहीतरी नक्की गाळतील, बहुतेक पुढचंच. "कुठल्या गाढवाने मला मारलं?" म्हणून तू विचारलंस, तेव्हा मला लगेच कळलं होतं, आणि तरी मी तुझ्याबरोबर हसलो.

तुझाच,
धाकटा