बाळाला फोन लाव

बाबा, गेल्या महिन्यात तुमच्या नंबरवर फोन लागला. मी लावला नव्हता. म्हणजे लाव असं मीच सांगितलं होतं, पण तुम्हाला नाही. तेव्हापासून घरात एकटी असले की भीती वाटते. ती कुणाला सांगावी हे कळेना, म्हणून हे लिहायला बसले आहे. जाड मार्करने मोठाली अक्षरं काढते आहे, कारण साखरेने माझे डोळे पार अधू करून टाकलेत. माणसाचा चेहरा दिसतो, चूल-भांडी दिसतात, पण मोबाइलवरचं काही म्हणजे काही वाचता येत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मोबाइलला बटणं होती. आता त्याच्याशी बोलायचं असतं. तुमच्या नातवाने मला ते शिकवलं. तो पालघरला नोकरीला आहे, लग्न झालं तरी मोबाइलमध्ये त्याचं नाव मी 'बाळ' असंच ठेवलंय. किती वाजले विचारलं की आतली बाई सांगते. कुणाचा निरोप आला तर वाचून दाखवते. इंजेक्शन कधी, जेवण कधी, कुकर कधी बंद करायचा, सगळ्याची आठवण करते. खोटं कशाला बोलू, सोपं झालंय. पूर्वी लाइटबिल आलं तरी शेजारच्या दाराशी जाऊन 'जरा बघ ना गं' म्हणावं लागायचं, आणि दर वेळी तिच्या चेहऱ्यावरची दया माझ्या अधू डोळ्यांना नेमकी दिसायची. ही बाई दया करत नाही. मी तिच्यावर इतकी विसंबले की नंबर पाठ करणंसुद्धा सोडून दिलं.

आपल्या घरात फोनचा केवढा धाक होता ते आठवतंय. कुंभवलीच्या खोलीत आपण राहायचो, तुम्ही रंगाच्या कारखान्यात, कधी पिवळे तर कधी निळे होऊन घरी यायचात. एक दुपार अजून डोळ्यांपुढे आहे. आई भाकरी थापते आहे, मी परातीजवळ बसले आहे, आणि एकदम असा आवाज होतो की कपाटातली भांडी वाजतात. आई तव्यावरची भाकरी तशीच सोडून दारात जाते. कारखान्यांच्या बाजूला काळा धूर. बायका बाहेर येतात. मग कोपऱ्यावरचा वाणी हाक मारतो, "फोन आलाय तुमचा, चला लवकर!" आई मलाच पुढे ढकलते. मी फोन कानाला लावते, तुमचा आवाज ऐकते आणि रडायला लागते. "रडतेस काय? आधी ऐक!" तुम्ही केवढ्यांदा ओरडलात. "मी ठीक आहे. दुसऱ्या कंपनीत झालंय. आईला सांग, खिडक्या लावून घ्या." इतकं प्रेमाचं बोलणं मी नंतर कधी ऐकलं नाही.

गेल्या महिन्यात तुमचे जावई सकाळपाळीला गेले होते. त्यांच्या कंपनीत मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. शेजारीण मनोरच्या बाजाराला गेलेली. मी इंजेक्शन घेतलं आणि तांदूळ निवडायला बसले. डोळ्यांनी नाही, बोटांनी निवडते आता. "जेवणाची वेळ झाली आहे," ती बाई म्हणाली. मी म्हटलं, "हो, कळलं." ती गप्प झाली. माणूस असतं तर पुन्हा डोकावलं असतं, उठ म्हणालं असतं. मी तांदूळ निवडत राहिले.

मग एकदम घाम फुटला. हात इतके कापायला लागले की सूप सांडलं. साखर उतरली हे कळलं, पण उठायला गेले तर पाय नव्हतेच. तशीच भिंतीशी कोसळले. दाराला आतून कडी. मोबाइल पदरात होता. मी म्हटलं, "बाळाला फोन लाव." जीभ जड झालेली, शब्द तोंडातल्या तोंडात. ती शांतपणे म्हणाली, "बाबा यांना फोन लावत आहे."

बाबा, तुमचा नंबर मी मोबाइलमधून कधी काढलाच नव्हता. "नको, नको" असं मी म्हणत होते, पण ती आता ऐकत नव्हती. रिंग वाजत राहिली. आणि कुणीतरी फोन उचलला. आधी खोकला आला, म्हाताऱ्या माणसाचा, ओला. मग आवाज, "हॅलो, कोन हाय?"

मी काय बोलले ते पुढे सांगते. तो माणूस म्हणाला, "बाय, तुमाला काय होतंय? घरात कोनी नाय का?"

"साखर," मी म्हटलं. "साखर उतरली."

"आमच्या घरवालीला पन हाय ती बिमारी. गोड खा पयलं. गूळ हाय का? साखर हाय?"

"ओट्यावर आहे. उठता येत नाही."

"तर सरपटत जा. मी फोन ठेवत नाय. बोलत राव्हा, गप नका होऊ."

मी सरपटत गेले. तो सारखा विचारत होता, "पोचलात का? बाय, बोला!" ओट्याची कड धरून डबा खाली पाडला, फरशीवरची साखर मुठीने तोंडात कोंबली. तो म्हणाला, "पोराचा नंबर सांगा, मी लावतो." आणि मला नंबर येत नव्हता. पोटच्या पोराचा नंबर. मी रडायला लागले. तोही घाबरला असणार, पण त्याने फोन ठेवला नाही. माझं बोलणं नीट ऐकू यायला लागलं तेव्हा म्हणाला, "आता दार उघडून बसा, मंग मी ठेवतो."

मुलाने नंतर त्या म्हाताऱ्या गृहस्थांना फोन केला. मनोरच्या पुढे एका वाडीवर राखणदार आहेत. तुमचा नंबर बंद पडल्यावर मोबाइल कंपनीने तो पुन्हा विकला, असं होतं म्हणे. मुलाने मोबाइलमध्ये नावं बदलून दिली, आता चूक होणार नाही म्हणतो. मी त्याचा नंबर पाठ केलाय. अंघोळ करतानाही पुटपुटते. तरीही ती बाई बोलली की छातीत धस्स होतं. पण तिला बंद करायचीही हिंमत नाही, कारण मग दिवसभर मला कोण वाचून दाखवणार?

हा कागद कुणाला दाखवणार नाही. तुम्हाला पाठवायला तर ठिकाणच नाही. पण सांगायचं राहिलंय. तो खोकला ऐकला तेव्हा मला वाटलं, तुम्हीच आहात. आनंद झाला नाही, बाबा. मी फोनमध्ये ओरडले होते, "मला न्यायला येऊ नका."